भोगली तेवढी पुरे

‘मला काकांचा शब्द पाहिजे, काकी. तुमचा नको,’ कॅथरिन म्हणाली आणि स्कूटर कुंपणाला टेकवून पानमळ्याच्या बांधावर बसली. रविवारचा मिस्सा आटोपून ती थेट इकडेच आली होती. अंगावर चर्चला जायचे चांगले कपडे होते आणि बांध ओला होता, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

मथुरा पानं खुडायची थांबली. पाटी खाली ठेवून तिनं बोटांना लागलेला हिरवा रस पदराला पुसला. ‘माझा आनि त्यांचा शब्द काय वेगळा असतो काय गं?’

‘कोर्टात असतो.’

कॅथरिन हायकोर्टात वकिली करायची. शेजारच्याच गावातली पोर. तिची आजी होती तोवर रोज संध्याकाळी हिरामणच्या मळ्यातून पानं न्यायची आणि फ्रॉकातली कॅथरिन तिचं बोट धरून यायची. आता तीच कॅथरिन हिरामणचं अपील चालवत होती. चालवत होती म्हणायचं आपलं, कारण चार वर्षांत ते अपील जागचं हललं नव्हतं. तारीख लागायची, नंबर यायच्या आधी कोर्ट उठायचं, आणि पुढची तारीख कधी ते कुणालाच ठाऊक नसायचं. हिरामण तिकडे ठाण्याच्या तुरुंगात शिक्षा भोगत होता, आणि ती शिक्षा योग्य की अयोग्य हे ठरवायला कुणाला सवड होत नव्हती.

‘परवा मंगळवारी लागलंय,’ कॅथरिन म्हणाली. ‘या वेळी नंबर वर आहे, म्हणजे नक्की निघणार. आता नीट ऐका. एक तर आपण लढायचं. काकांनी मारलं नाही, जयरामकाका घसरून पडले आणि त्यातच गेले, हे मांडायचं. डॉक्टरांनीच खालच्या कोर्टात सांगितलंय की तशी जखम दगडावर आपटूनही होऊ शकते. मुद्दा चांगला आहे. पण हे एका दिवसात संपणारं काम नाही. अजून वर्ष जाईल, आणि एवढं करून न्यायाधीशांना पटलं नाही तर उरलेली शिक्षा आहेच.’

‘आनि दुसरं?’

‘दुसरं म्हणजे उभं राहिल्या राहिल्या सांगून टाकायचं, की गुन्हा शाबीत झाला त्याबद्दल आमची तक्रार नाही. फक्त वय बघा, तब्येत बघा, आणि शिक्षा भोगली तेवढी पुरे म्हणा. सात वर्षांपैकी पाचाच्या जवळ आलीच आहेत. सरकारी वकील फार ताणतील असं वाटत नाही. बहुतेक त्याच दिवशी ऑर्डर होईल. आठवड्याभरात काका घरी.’

मथुराचा चेहरा उजळला. ते बघून कॅथरिन घाईनं म्हणाली, ‘पण मग मारल्याचा ठपका कायमचा राहील, काकी. तो मुद्दा परत कुठल्याच कोर्टात काढता येणार नाही. म्हणून सांगते, हे तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. उद्या मला तुरुंगात जायला जमणार नाही, दुसऱ्या केसेस आहेत. तुमची उद्या भेट आहेच. त्यांना विचारा आणि बाहेर आल्या आल्या मला फोन करा.’

ती गेली. मथुरानं पुन्हा पाटी उचलली खरी, पण हात चालेनात. शेवटी ती तशीच घरात गेली.

हिरामण आणि जयराम चुलत भाऊ. दोघांच्या मळ्यांमध्ये वडिलार्जित विहीर एक, तिच्यावर पंप एक आणि पाण्याची पाळी दिवसाआड. एक दिवस हिरामणचा, एक दिवस जयरामचा. आठ वर्षांपूर्वी मार्गशीर्षात जयरामच्या पाळीला दिवसभर वीज नव्हती. दुसऱ्या दिवशी तो पंप चालू करायला आला. हिरामण म्हणाला, आज माझी पाळी. पानवेलीला पाणी चुकलं की ती माना टाकते, हे दोघांनाही ठाऊक होतं, म्हणून दोघंही हटेनात. आवाज चढले आणि मग एकदम थांबले. जयरामची बायको मीरा धावत आली तेव्हा जयराम विहिरीच्या कठड्याशी पडला होता आणि हिरामण हातात फावडं घेऊन उभा होता. पाटाचं पाणी वळवायला त्याच्या हातात फावडं रोजच असायचं. मीरानं पाहिलं तेवढंच कोर्टात सांगितलं, एक अक्षर जास्त नाही की कमी नाही. मधलं जे कुणी पाहिलं नव्हतं ते कोर्टानं जुळवून घेतलं.

त्यानंतर जी चूक झाली ती मात्र याच आळीतल्या माणसांच्या हातून होण्यासारखी होती. आळीत भांडण मिटवायची एक जुनी रीत होती. देवीच्या देवळाच्या ओट्यावर चार म्हातारी माणसं बसायची आणि दोघा भांडणाऱ्यांना बोलावून घ्यायची. दोघांतला जो आधी हात जोडून ‘चुकलं’ म्हणेल त्यानं समोरच्याच्या हातावर पानसुपारी ठेवायची. झालं, मिटलं. खरी चूक कुणाची होती हे त्यानंतर कुणी विचारायचं नाही. उलट चुकलं म्हणणाऱ्यालाच शहाणा समजायचे. मथुरानं स्वतः एकदा शेजारणीच्या कोंबड्यांवरून चुकलं म्हटलं होतं, आणि त्या कोंबड्या मुंगसानं नेल्या होत्या हे आळीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

तर वसईच्या कोर्टात निकालाच्या दिवशी हिरामणला दोषी ठरवलं आणि न्यायाधीशांनी त्याला विचारलं, ‘शिक्षेबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?’ खटला चालू होता तोवर हिरामण जामिनावर बाहेर होता. आता आपण घरी जाणार नाही, एवढंच त्या क्षणी त्याच्या डोक्यात शिरत होतं. त्यानं गोंधळून मागे बाकावर बसलेल्या मथुराकडे पाहिलं. मथुरानं छातीशी हात जोडले आणि नुसत्या ओठांनी सांगितलं, चुकलं म्हणा. तिला कोर्ट काय आणि देवळाचा ओटा काय, मोठी माणसं वर बसलीत एवढंच दिसत होतं. हिरामणनं मुकाट्यानं हात जोडले. ‘चुकलं माझं, साहेब. पदरात घ्या.’

खाली बसलेल्या बाईंनी ते टाइप केलं. आरोपीला पश्चात्ताप झालेला दिसतो असं म्हणून न्यायाधीशांनी दहाऐवजी सात वर्षं दिली. नवरा तुरुंगात गेला त्या दिवशी मथुरा रडली, पण आपण तीन वर्षं वाचवली याचं तिला मनातून बरंही वाटलं. पुढे अपील दाखल केलं, अपिलाचा निकाल लागेपर्यंत जामीन द्या म्हणून अर्ज केला, तेव्हा सरकारी वकिलांनी नेमकं तेच वाक्य वाचून दाखवलं आणि जामीन फेटाळला गेला. कॅथरिननं घरी येऊन समजावून सांगितलं तेव्हा मथुरानं दोन दिवस अन्नाला हात लावला नाही.

सोमवारी ती वसई फाट्यावरून बसनं ठाण्याला गेली. तुरुंगातली भेट काचेतून व्हायची. अलीकडे एक फोन, पलीकडे एक फोन. हिरामण आला तो भिंतीला हात लावत आला. अंगानं अर्धा झाला होता, पण पाय मात्र टम्म सुजले होते. रक्तदाबाचं दुखणं त्याला तुरुंगातच जडलं होतं, आणि आता मूत्रपिंडावर परिणाम झालाय असं तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं.

‘पानं कशी हायत?’ फोन कानाला लावून त्यानं नेहमीसारखं आधी तेच विचारलं.

‘बरी हायत. खालच्या वाफ्यातल्या वेली जरा पिवळ्या पडल्यात.’

‘पानी जास्त होत असंल. कमी सोड.’

मग मथुरानं मंगळवारचं सांगितलं. कॅथरिननं सांगितलं होतं तसं, दोन्ही बाजू. तिनं काही लपवलं नाही, फक्त दुसरी बाजू सांगताना तिचा आवाज जरा गोड झाला. हिरामण खाली मान घालून ऐकत होता.

‘म्हंजे परत चुकलं म्हनायचं,’ तो म्हणाला.

‘चुकलं नाय म्हनायचं. नुसतं त्या गोष्टीवर भांडायचं नाय.’

‘तेच ते.’

‘अवो, पाय बघा तुमचे. अजून वर्षभर इथं बसलात तर...’

‘मथुरा, एकदा तुझं ऐकलं,’ हिरामण म्हणाला. तो रागावला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. ‘तू हात जोडलेस आनि मी बोललो. तुला बोल लावत नाय मी, बोलायला तोंड माझंच होतं. पन तेवढ्या एका शब्दाला धरून सगळे मला खुनी म्हनतात. मी मारलं नाय. त्यानं माझ्या हातातलं फावडं ओढलं, मी सोडलं नाय, त्याचा पाय शेवाळावरून गेला. एवढंच झालं. हे कुनीतरी मोठ्या मानसानं एकदा मान्य करू दे. मग मी इथं मेलो तरी चालंल मला.’

‘आनि मी?’ मथुरानं विचारलं. ‘मी काय करू?’

हिरामणनं वर पाहिलं. तो म्हणाला, ‘लढ म्हनून सांग पोरीला. सांगशील ना?’

मथुरानं मान हलवली. शिपायानं वेळ संपल्याची खूण केली. हिरामण उठला आणि आला तसाच भिंतीला धरून आत गेला. दारातून वळताना त्याला एक पाय उचलून उंबऱ्यापलीकडे ठेवायला हातानं मांडीला आधार द्यावा लागला, आणि मथुरानं ते पाहिलं.

बाहेर येऊन ती एका बंद टपरीच्या सावलीत उभी राहिली. मोबाइल काढला. कॅथरिनचा नंबर मथुराच्या मुलीनं, नेत्रानं, सगळ्यात वर टाकून दिला होता.

‘बोला काकी. काय म्हणाले?’

‘हो म्हनाले.’

‘कशाला हो म्हणाले? नीट सांगा.’

‘भोगली तेवढी पुरे म्हना, म्हनाले. घरी यायचंय त्यांना.’

‘नक्की? मागच्या वेळी मी भेटले तेव्हा तर ऐकायला तयार नव्हते.’

‘आता पाय सुजलेत,’ मथुरा म्हणाली. ‘मानूस कंटाळतो गं.’

‘ठीक आहे,’ कॅथरिन म्हणाली. ‘खरं सांगू? मलाही सुटल्यासारखं वाटलं.’

फोन बंद झाला. मथुरा आयुष्यात खोटं बोललीच नव्हती असं नाही. सासूशी बोलली होती, गिऱ्हाइकांशी बोलली होती, मुलीच्या लग्नात व्याह्यांशी तर चांगलीच बोलली होती. पण हे खोटं आजवरच्या सगळ्या खोट्यांपेक्षा मोठं आहे हे तिला कळत होतं. तिला भीती वाटली आणि लाजही वाटली. तरीही, कॅथरिनला परत फोन लावावा असं तिला एकदाही वाटलं नाही. नवरा जिवंत घरी यायला हवा होता. बाकी सगळं तिच्या लेखी नंतरचं होतं.

मंगळवारी हायकोर्टातलं काम तर मथुरा नीट बसेपर्यंत उरकलं. कॅथरिन उभी राहून इंग्रजीत चार वाक्यं बोलली, सरकारी वकील अर्धवट उठून काहीतरी म्हणाले, न्यायाधीशांनी कागद चाळले आणि ऑर्डर सांगायला सुरुवात केली. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते एवढंसं होतं. बाहेर व्हरांड्यात नेत्रानं आईला मिठी मारली. कॅथरिननं मराठीत समजावलं, की आरोपीच्या सांगण्यावरून गुन्ह्याबद्दलचा मुद्दा सोडून दिलाय असं ऑर्डरमध्ये लिहिलंय, दोष कायम आहे आणि शिक्षा भोगली तेवढ्यावर आणली आहे. मथुरा सगळ्याला हो हो म्हणत होती.

कागदपत्रं तुरुंगात पोचून हिरामण सुटायला शुक्रवार उजाडला. नेत्रा वसईतल्या एव्हरशाईन सिटीतून नवऱ्याची गाडी घेऊन आली होती. वाटेत मथुरानं तिला बजावून ठेवलं होतं, ‘गाडीत कोर्टाचं काय काढू नको. शांत बसू दे त्यांना.’ नेत्राला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पण शांत बसायला तयार नव्हता तो हिरामणच. फाटकाबाहेर आल्या आल्या त्यानं मथुराच्या खांद्यावर हात ठेवला. चारचौघांत असं त्यानं जन्मात केलं नव्हतं.

‘जिंकली की गं पोर,’ तो म्हणाला. ‘आतमध्ये साहेब म्हनाला, हायकोर्टाची ऑर्डर आली, सामान भर. मी म्हटलं, येनारच होती.’

मथुरानं त्याची पिशवी उचलून गाडीत ठेवली. गाडीत तो सारखा बोलत होता. घोडबंदरच्या रस्त्याचं काम बघून बोलला, नवे टॉवर बघून बोलला, खाडीचं पाणी बघून बोलला. नेत्रा आरशातून आईकडे बघून हसत होती. ‘बाबा, एसी कमी करू का? थंडी वाजते का?’ असं मध्येमध्ये विचारत होती. बाबा इतके खूश असलेले तिनं कॉलेजात असताना शेवटचे पाहिले होते.

आळीत शिरल्यावर हिरामणनं गाडी देवळाशी थांबवायला लावली आणि तिथून घरापर्यंत तो सुजल्या पायांनी चालत गेला. भेटेल त्याला सांगत गेला. ‘सोडलं कोर्टानं. हायकोर्टानं सोडलं.’ लोक म्हणाले, ‘बरं झालं, हिरामणदादा.’ काहींना खरं काय ते ठाऊक होतं, काहींना नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं त्यांनीही मान डोलावली. नेत्रा त्याच संध्याकाळी परत गेली. मथुरानं मनाशी ठरवलं की आज नको, आज त्याला जेवू दे, झोपू दे, उद्या सांगू.

पण सकाळी ती न्हाणीतलं पाणी तापवत होती तोवर हिरामण धुतलेला सदरा घालून मळ्यातून पलीकडे निघाला होता. मथुराला कळलं तेव्हा तो जयरामच्या अंगणात पोचलाही होता. ती हादग्याच्या झाडांआड थांबली. तिथून सगळं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. मीरा तुळशीशी उभी होती. हिरामणला बघून तिनं पदर सावरला.

‘मीरा,’ हिरामण म्हणाला, ‘मोठ्या कोर्टानं सांगितलं. जयराम माझ्या हातून गेला नाय. मला वाटलं, दुसऱ्या कोनाकडून कळन्यापेक्षा मीच येऊन सांगावं तुला.’

मीरा त्याच्याकडे बघत राहिली. मग ती घरात गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. ‘बसा, भाऊजी,’ ती म्हणाली. ‘पाय लय सुजलेत तुमचे.’

हिरामण पायरीवर बसून पाणी प्याला. निघताना त्यानं तांब्या तिच्या हातात दिला आणि डोळे पुसले. मथुराला मागच्या मागे पळून जावंसं वाटलं.

तासाभरानं हिरामण दाढी करायला नाक्यावर गेला. मथुरा विहिरीवर कपडे धूत होती. पाळी मीराची होती, म्हणून मीरा पंप लावायला आली. दोघी जावा आठ वर्षांत एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. पाण्याच्या पाळ्या मात्र दोघींनी बिनचूक पाळल्या होत्या. मीरानं पंपाचा खटका दाबला नाही. ती कठड्याशी येऊन उभी राहिली.

‘वैनी, त्यांना सांगितलं नायस तू,’ ती म्हणाली.

मथुराच्या हातातलं कापड दगडावरच राहिलं.

‘अनुजनं कोर्टाची ऑर्डर मोबाइलवर वाचून दाखवली मला. सगळं लिवलंय त्यात.’ अनुज तिचा मुलगा. ‘मी त्यांच्या तोंडावर बोलले नाय. आधी एवढी वर्षं जेवायला वाढलंय मी त्यांना, माझ्या दारात येऊन ते रडत होते, मला धीर झाला नाय. पन अनुज बोलंल. त्याचा बाप गेलाय. उद्या ते असंच सांगत फिरले आनि पोरानं चारचौघांत थांबवलं तर काय करशील? तू सांग. आजच सांग.’

‘मीरा...’ मथुरा म्हणाली. तिला आणखी पुष्कळ काही म्हणायचं होतं.

‘मला काय नको सांगूस,’ मीरा म्हणाली आणि पंपाचा खटका दाबला. त्या आवाजात पुढे बोलायची सोय राहिली नाही.

दुपारी मथुरानं जेवायला वाढलं. भात, वालाचं बिरडं, तळलेली सुरमई. डॉक्टरनं मीठ कमी करायला सांगितलं होतं म्हणून मासा आळणीच होता, तरी हिरामण मिटक्या मारत जेवत होता. ‘कॅथरिनला एकदा जेवायला बोलवू,’ तो म्हणाला. ‘नाव काढलं पोरीनं.’

‘मी तिला खोटं सांगितलं,’ मथुरा म्हणाली.

‘काय?’

‘तुम्ही लढ म्हनालात. मी तिला सांगितलं, तुम्ही हो म्हनालात. भोगली तेवढी पुरे म्हनालात, असं सांगितलं. कोर्टानं तुम्हाला निर्दोष नाय सोडलं. नुसती शिक्षा कमी केली.’

हिरामणच्या हातातला घास ताटात पडला. ‘म्हंजे कागदावर मी मारलं असंच हाय.’

‘हो.’

‘वरचं कोर्ट असतं ना अजून. दिल्लीला.’

‘आता नाय होत. तुम्हीच सोडून दिलं असं लिहिलंय त्यात.’

‘मी,’ हिरामण म्हणाला. मग त्याला सकाळ आठवली असावी, कारण त्यानं डोळे घट्ट मिटून घेतले. ‘आनि मी मीराच्या दारात जाऊन काय बोललो.’

‘तुमचे पाय बघितले मी,’ मथुरा म्हणाली. आता तिला रडू आवरेना. ‘तुम्हाला चालता येत नव्हतं. कागद घेऊन मी काय करनार होते? मला तुम्ही पाहिजे होतात. दुसरं काय सुचलंच नाय मला.’

‘ते समजलं,’ हिरामण म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. तो नुसता तिच्याकडे बघत होता. ‘एक सांगशील? पोलिसांनी विचारलं, वकिलांनी विचारलं, न्यायाधीशानं विचारलं. आठ वर्षांत तू एकदा पन विचारलं नायस. मला वाटायचं, तुला ठाऊकच हाय म्हनून विचारत नसशील. आता तू सांग. मी मारलं असं वाटतं तुला?’

‘नाही’ हा शब्द मथुराच्या जिभेवरच होता. पण त्या मार्गशीर्षातली सकाळ तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. चहाचा कप खाली ठेवून विहिरीकडे जाताना हिरामण म्हणाला होता, आज आला तर सोडत नाय त्याला. हे तिनं पोलिसांना सांगितलं नव्हतं, वकिलाला नाही, नेत्रालाही नाही. स्वतःशीसुद्धा तिनं ते कधी उच्चारलं नव्हतं. माणूस रागाच्या भरात शंभर गोष्टी बोलतो, आपलं माणूस तसं नाही, हे ती स्वतःला समजावत होती, आणि ते समजावण्यात वेळ जात होता. हिरामण तिच्या चेहऱ्याकडे पाहत थांबला होता.

‘नाय,’ ती म्हणाली.

हिरामणनं मान हलवली. पडलेला घास उचलला, ताटात होतं नव्हतं ते सगळं खाल्लं. मग ताट घेऊन उठला आणि मोरीशी जाऊन बसला. सुजलेले पाय त्याला दुमडता येत नव्हते, म्हणून ते त्यानं पुढे पसरले. नारळाचा चोथा घेतला आणि ताट घासू लागला. लग्न झाल्यापासून त्यानं या घरात पाण्याचं भांडंसुद्धा विसळलं नव्हतं.

‘द्या इकडं,’ मथुरा धावत गेली. ‘अवो, द्या. मी हाय ना.’

‘असू दे,’ हिरामण म्हणाला. परक्या घरी जेवलेला माणूस यजमानणीला म्हणतो, तसं अदबीनं म्हणाला.

ताट धुऊन त्यानं ते मांडणीतल्या इतर ताटांबरोबर ठेवलं नाही. खिडकीच्या कडेला, वेगळं, भिंतीला टेकवून उभं करून ठेवलं.